चौथा आठवडा

४ जानेवारी, रविवार
सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे

ताई,

खोलीबाहेरच्या पायरीवर बसून लिहितो आहे. डाव्या बुटाची नाडी सोडून झाली, उजव्याची राहिली आहे. धाप अजून बसलेली नाही, म्हणून अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. मी आत्ताच धावून आलो. मागे कुत्रं लागलं नव्हतं. आपणहून धावलो.

हसून झालं की कारण वाच. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं, पण गेल्या महिन्यात तीनदा मला वाटलं की छाती बंद पडते आहे. झोप तर कधीचीच गेली. गॅस बंद केला का ते बघायला उठतो, बघतो, आडवा होतो आणि मग नीट बघितलं होतं का, म्हणून परत उठतो. शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि म्हणाल्या, "हृदय उत्तम आहे. धावतंय ते डोकं. त्याला दमवायचं असेल तर पाय धावू देत." त्यांनी एक छापील कागद दिला. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. मग धावणं वाढवत न्यायचं, चालणं कमी करायचं. नवव्या आठवड्यात माणूस सलग अर्धा तास धावतो म्हणे.

गोदामांच्या मागच्या भिंतीकडेने धावलो, तिथे कुणी नसतं. आज नेमकी एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन आली आणि मी धावत असताना चालत माझ्या पुढे गेली. तिने वळून बघितलं नाही, हे तिचे उपकार. रस्त्यावर ट्रकची धूळ फार, म्हणून मी नाकातोंडाला दुहेरी फडकं बांधून धावतो.

कामाचं बरं चाललं आहे. स्वयंपाकाचे ओटे खूप निघतात सध्या. दाजींना सांग, त्यांचं कामाचं टेबल आता मी वापरतो, पण होतं तिथेच ठेवलं आहे. मुकादम अजून चुकून मला दाजींसारखं "उस्ताद" म्हणतो आणि मग म्हणतो, "छे, उस्ताद तर घरी झोपलाय, हा आपला मिलिमीटर." दाजींची तब्येत कशी आहे? गोळ्या संपल्या का?

तुझा
धाकटा

---

१५ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र मी कारखान्यात दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि ढकलगाडीपाशी इतकी हसले, की शेजारच्या मशीनवालीने विचारलं, "काय गं, नवऱ्याचं पत्र आहे का?" म्हटलं, नवरा पत्र कशाला लिहील, तो पलंगावरून हलत नाही. भावाचं आहे.

धाव बाबा तू. खरंच धाव. लहानपणापासून तुझ्या जिवाला घोर. शाळेत जाताना दप्तर तीनदा तपासायचास आणि आठवीत शाळा सोडलीस तेव्हा पुस्तकं मोजून परत केलीस. डॉक्टरीणबाईंनी बरोबर ओळखलं.

दाजींचं काय सांगू. टीबीच्या गोळ्या संपल्या, कोर्स पुरा झाला. तरी माणूस उठत नाही. नळावरून एक बादली आणायची तर दोन ठिकाणी टेकतो. चाळिशीसुद्धा आली नाही अजून. मी सकाळी सातला जाते, दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवते, संध्याकाळी घरी येते तर हे आहेत तिथेच, आणि आपली पोर त्यांच्या पायाशी चित्रं काढत बसलेली. मी बोलते, खोटं कशाला सांगू. परवा म्हटलं, "तुमचा मेहुणा पहाटे उठून धावतोय. तुम्ही निदान दारापर्यंत तरी या." तर म्हणाले, "त्याला म्हणावं, माझ्या वाटचंही धाव." आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग अर्धा तास खोकले.

तुझं पत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, सांधा अजून कोरडाच घासतोस का? मला त्यातलं काही कळत नाही. तूच कळव.

ताई

---

१ फेब्रुवारी, रविवार

ताई,

कागदावरचे तीन आठवडे पुरे झाले, पहिला खात्रीसाठी दोनदा केला. उद्यापासून चौथा. एकही दिवस चुकवला नाही. सलग तीन मिनिटं धावतो आणि मरत नाही. काल गॅस बघायला एकदाच उठलो. मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, "मिलिमीटर, धावून कुठे पोचायचंय? रोज तिथेच तर परत येतोस!" सगळे हसले, मीही हसलो.

दाजींना सांग की हो, कोरडाच घासतो. त्यांनीच तर शिकवलं. तुलाही समजावं म्हणून लिहितो. आमचा दगड खाणीतला नसतो. दगडाचा चुरा आणि डिंकासारखं रसायन दाबून त्याच्या मोठ्या लाद्या करतात. ओटा लांब असला की दोन लाद्या जोडाव्या लागतात. तो सांधा दिसला की गिऱ्हाईक पैसे कापतं. मशीनवर पाणी सोडून घासलं तर धूळ उडत नाही, पण ओल्या दगडाचा रंग गडद होतो आणि सांधा जुळल्यासारखा वाटतो. वाळला की फट दिसते. म्हणून दाजी म्हणायचे, "पाणी लावलं की दगड खोटं बोलतो." शेवटचा हात कोरडा मारायचा, तोंडावरचं फडकं खाली घ्यायचं, फुंकर घालायची आणि डोळा लावून बघायचं. इथे बाकीचे दोन-तीन फुंकरांत उरकतात. मी पंधरा-वीस घालतो. माझा सांधा नखाला लागत नाही, असं मुकादम गिऱ्हाइकांना सांगतो. आता एका मोठ्या इमारतीचे सगळे ओटे आले आहेत, नव्वदच्या वर. ते सगळे सांधे मलाच दिले आहेत.

या महिन्याचे चार हजार पाठवले आहेत. दाजींना अंडी देत जा.

धाकटा

---

१२ फेब्रुवारी

बारक्या,

पैसे मिळाले. अंडीही आणली. ती पोरीच्या पोटात गेली, कारण दाजींना भूक नसते.

परवा मात्र एक झालं. मी तुझं पत्र वाचून म्हटलं, "बघा, तीन मिनिटं सलग."  मी कामावर गेल्यावर ते चपला घालून निघाले. कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत जायचं, परत यायचं, आणि मला संध्याकाळी सांगायचं, असं मनात. मधेच कुणाच्या तरी पायरीवर बसले, ते दीड तास तिथेच. पोर शेजारणीला घेऊन आली. शेजारणीने आणि न्हाव्याने दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. मला कळल्यावर मी काय बोलले असेन ते तुला माहीतच आहे. "चार पावलं चालता येत नाही आणि मिजास कसली करता?" असंही बोलले. ते म्हणाले, "येताना चढ आहे." आमच्या गल्लीला कसला आलाय चढ? तू राहून गेलास ना इथे, आठवतोय का तुला चढ?

त्यांनी विचारलंय की जिना चढताना तुला बोलता येतं का. रिकामपणी काहीही सुचतं त्यांना. तरी कळव, नाहीतर माझ्यामागे भुणभुण लावतील.

ताई

---

८ मार्च, रविवार

ताई,

उत्तराला उशीर झाला. सांगण्यासारखं काही नव्हतं. अजूनही चौथ्याच आठवड्यात आहे.

चौथ्या आठवड्यात पाच मिनिटं सलग धावायचं असतं. पहिल्यांदा चार मिनिटांत थांबलो. वाटलं, आदल्या दिवशी नीट जेवलो नव्हतो. तोच आठवडा पुन्हा केला. साडेतीन मिनिटं. मग वाटलं, मी वेगाने धावत असेन, म्हणून भिंतीची लांबी टेपने मोजली आणि वेग काढला. उलट कमी झाला होता. बुटांच्या नाड्या सैल केल्या. फडकं दुहेरीचं एकेरी केलं, शेवटी काढूनच टाकलं. पाचव्यांदा केला, तीन मिनिटं.

त्या कागदावर लिहिलं आहे की धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तरच वेग बरोबर. मला एकट्याला काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी कामावरचं बोलतो. "ओटा साडेआठ फूट, दोन सांधे, उजवीकडे बेसिनचं भोक." फेब्रुवारीच्या सुरुवातीला बेसिनपर्यंत पोचायचो. आता सांध्याशीच थांबतो.

दाजींना सांग, आमच्या खोलीचे जिने दोन आहेत. पहिल्यावर बोलता येतं. दुसऱ्यावर मी गप्प असतो. खोकला आहे थोडा, कोरडा. इथे सगळ्यांनाच असतो.

उद्यापासून तिसऱ्या आठवड्यावर परत जाणार आहे. एवढा नीट कागद दिला, पायरी पायरीने सांगितलं, तरी मला जमत नाही, याची लाज वाटते. कुठेतरी माझीच काहीतरी चूक होते आहे. तुझ्या लक्षात आली तर लिही.

धाकटा

---

१७ मार्च

बारक्या,

चूक कसली. कंटाळलास तू. पहिले तीन आठवडे नव्याची हौस, मग अंग चोरायला लागला असशील. आमच्याकडे एक उदाहरण पलंगावर आहेच, आता तूही त्याच वाटेला लागू नकोस. घरात एकाने अंथरूण धरलं तेवढं पुरे.

पण तुझं पत्र वाचताना विचित्र झालं. बेसिनच्या भोकापर्यंत आले आणि हे म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "तो तिसऱ्यावरही थांबायचा नाही. दुसऱ्यावर येईल." असं कुणी आपल्या माणसाबद्दल बोलतं का? मला इतका राग आला, मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

तू पाचवा आठवडा करून दाखव त्यांना.

ताई

---

१८ मार्च

चिरंजीव मेहुणे यांस,

हे पत्र न्हाव्याच्या हातून टाकतो आहे. ताईला माहीत नाही. मला लिहायची सवय नाही, दम लागतो, म्हणून थोडक्यात.

तू आळशी नाहीस. मीही नव्हतो. तुझी पत्रं ऐकताना मला सगळं ओळखीचं लागतं. मी धावत नव्हतो, पण लाद्या उचलायचो. आधी दोघांत एक उचलायचो, मग तिघांत, मग मी नुसता हात लावायचो. मला वाटलं अंगात चोरटेपणा आला. वर्षभर मीही स्वतःलाच शिव्या दिल्या.

मला टीबी आहे म्हणाले. थुंकीत काही सापडलं नाही, फोटोत डाग होते म्हणून गोळ्या दिल्या. काम काय करता, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ओटे बनवतो हे काय डॉक्टरला सांगायचं?

तू छातीचा फोटो काढ. डॉक्टरीणबाईंना काम काय ते आधी सांग. सांधा कसा घासतो तेही सांग, फुंकरीसकट.

आणि आजपासून पाणी सोड मशीनवर. फट दिसली तर दिसू दे.

दाजी

---

५ एप्रिल, रविवार

ताई,

फोटो काढला छातीचा. साफ आहे. थोडी ॲलर्जी आहे म्हणाले, औषध दिलं आहे. पाचवा आठवडा सुरू केला. दाजींना सांग, मी हरलो नाही. पैसे नेहमीप्रमाणे.

धाकटा

---

५ एप्रिल, रविवार

दाजी, नमस्कार.

हे न्हाव्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे. ताईच्या पत्रात फोटो साफ आहे असं लिहिलं आहे. ते खरं नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो खिडकीवर धरला आणि मला म्हणाल्या, "पंधरा-वीस फुंकरा? एका सांध्याला?" मग मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे नळीत फुंकायला लावलं. मी तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा कमी आलं. ते म्हणाले की दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली आहे. ती निघत नाही, तिच्यावर गोळी नाही. आता धुळीतून बाहेर पडलास तर आहे तिथे थांबण्याची बरीच आशा आहे, कारण सुरुवात आहे. राहिलास तर वाढत जाईल. मी विचारलं, किती महिन्यांत किती? म्हणाले, हे कुणालाच सांगता येत नाही. मी दोन-तीनदा वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. उत्तर तेच.

तुमचा जुना फोटो घेऊन इकडे या असं त्यांनी सांगितलं आहे. मला वाटतं, तुम्हाला टीबी नव्हताच.

पाणी सोडून बघितलं. दोन सांधे ओले घासले. वाळल्यावर दोन्हींत केसाएवढी फट दिसली. मुकादम म्हणाला, "काय रे मिलिमीटर, नजर गेली का?" मी त्याला धुळीचं सांगितलं. तो म्हणाला, "मी बावीस वर्षं आहे इथे, मला काय झालं?" तो काचेच्या केबिनमध्ये बसतो. दोन्ही सांध्यांचे पैसे कापले.

मी दुसरीकडे काम बघतो आहे. एका पॅकिंगच्या ठिकाणी जागा आहे, पगार इथल्याच्या निम्मा. तरी घेईन. महिनाअखेरीला हिशोब करून इथून निघतो. निघाल्यावर ताईला खरं सांगेन. तोवर तुम्ही बोलू नका. ती मशीनवर सुई हातात घालून घेईल.

धावणं थांबवलं आहे. सकाळी चालतो.

धाकटा

---

२६ एप्रिल

बारक्या,

मी पत्र लिहिते आहे आणि बाजूला तुझं यंत्र चालू आहे. त्याचा घरघर आवाज येतो. पोरगी म्हणते, बाबांनी मांजर पाळलं. पहिल्या दिवशी तिने त्याच्यापुढे वाटीत दूध ठेवलं होतं.

दाजींना त्या पहाटे हॉस्पिटलात नेलं तेव्हा मी तुला फोनवर काय बोलले ते मला आठवत नाही. ओठ निळे झाले होते त्यांचे. अकरा दिवस ठेवलं आणि घरी न्यायचं तर ऑक्सिजनचं यंत्र हवं म्हणाले, रात्रंदिवस. मी फोनवर नुसती रडले. आणि चौथ्या दिवशी टेम्पोवाला दारात यंत्र घेऊन उभा. एवढे पैसे तू कुठून आणलेस, हे विचारायचं भानही मला तेव्हा नव्हतं. आता विचारते.

दुसरं असं, की इथल्या डॉक्टरांनी दाजींना काम विचारलं. दाजींनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हा टीबी नव्हेच, ही दगडाची धूळ. मी म्हटलं, असं कसं, माझा भाऊही तिथेच... आणि दाजींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले. मला तिथेच कळलं. घरी आल्यावर सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून.

तू मला खोटं लिहिलंस. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी तुला काय लिहीत होते, तर अंग चोरतोस, कंटाळलास. यांना त्या पायरीवरून उठवून आणल्यावर मी काय बोलले, तेही मीच तुला लिहून कळवलं होतं. रोज बोलत होते मी, बारक्या. वर्षभर.

आता ऐक. ते काम आजच्या आज सोड. उद्या नाही. दाजींनी काल रात्री नाकातली नळी काढली आणि म्हणाले, "यंत्र परत दे, पैसे त्याला पाठव, त्याला तिथून काढ." मी नळी परत लावली, त्यांनी परत काढली. नवराबायको असे भांडत होतो आणि पोरगी उठून रडायला लागली. शेवटी मी शब्द दिला की तुला लिहिते, तेव्हा लावून घेतली. यंत्र विकणाऱ्याला मी विचारते. तो परत घेत असेल तर घेऊ दे, आम्ही बघू काय ते. मी दोन पाळ्या करीन. तू निघ.

या पत्राला उत्तर नको. निघाल्याचं कळव फक्त.

ताई

---

३ मे, रविवार

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. यंत्र परत करू नकोस. जुनं, दुरुस्त केलेलं आहे, विकणारा परत घेत नाही. मी आधीच विचारून ठेवलं होतं.

पैसे मुकादमाकडून उचल म्हणून घेतले. तुझा फोन आला त्याच दिवशी. पॅकिंगच्या जागेवर मी एक तारखेला रुजू होणार होतो, त्यांना येत नाही असं कळवून टाकलं. मुकादम वाईट वागला नाही. पाच मिनिटांत पैसे मोजून दिले. म्हणाला, "तू जातोस की काय अशी भीती होती मला. आता बरं झालं." इमारतीचे ओटे अजून चाळीस राहिले आहेत.

मी गाळणी लावलेला मास्क घेतला आहे, खरा, रबराचा. कापताना पाणी सोडतो. शेवटचा हात कोरडा मारावा लागतो, नाहीतर पैसे कापतात आणि फेड लांबते. फुंकर बंद केली. ब्रशने झाडतो. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, एवढ्याने पुरेल का? म्हणाले, कमी होईल, थांबणार नाही. तू पुन्हा पुन्हा तेच विचारशील, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले.

दाजींना सांग, नळी काढू नका. त्यांनी नळी काढली तर मी कोरडा घासतो ते कशासाठी? माझं एवढं एक ऐका म्हणावं. आणि तू काही मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना कुणीच विचारलं नाही, तर तुला कुठून कळणार? मला तरी कुठे कळलं. मी तीन महिने बुटांच्या नाड्या तपासत होतो.

दोन पाळ्या करू नकोस. पोरीला कोण बघेल?

सकाळी त्याच भिंतीकडेने चालतो. ती ढकलगाडीवाली बाई आता ओळखीची झाली आहे. काल म्हणाली, "आजकाल धावत नाही?" म्हटलं, नाही. तिने गाडी हळू केली आणि भिंत संपेपर्यंत माझ्याबरोबर चालली.

हिशोब खाली देतो. नीट ठेव.

घेतलेली उचल: ६०,०००

खर्च:
यंत्र: ५२,०००
टेम्पोभाडं: १,७५०
नळ्या आणि पाण्याची बाटली: २,१८०
माझा फोटो आणि तपासणी, दोन वेळा: २,९००
मास्क, जादा गाळण्यांसह: ८७०
एकूण: ५९,७००

शिल्लक: ३००. सोबत पाठवत आहे, यंत्राच्या विजेसाठी.

देणं: मुकादमाकडे ६०,०००. पगारातून दरमहा ७,५०० कापणार, मे ते डिसेंबर. व्याज नाही. मध्येच काम सोडल्यास राहिलेली रक्कम एकदम.